एका नंबरवरची तीनशे सतरा माणसं

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून दोन वह्या. एक ऑफिसची, मॅडमना दाखवायची. तिच्यात मी शहाण्यासारखं लिहीन. ही दुसरी माझी. हिच्यात सोंग आणायचं कारण नाही. ही कुणी वाचणार नाही, आणि वाचलीच तर ताई वाचेल, आणि माझं अक्षर बघून तिसऱ्या ओळीला नाद सोडेल.

आमची कंपनी लोकांना औषधाची आठवण करून देते. वेळ झाली की ॲप वाजतं, माणूस ‘गोळी घेतली’ हे बटण दाबतो. ज्यांना ॲप जमत नाही ते वेबसाइटवर येतात, आणि ज्यांना यातलं काहीच जमत नाही त्यांना फोनच्या टेबलावरून तीन बायका फोन करतात. या सगळ्याचे आकडे ठेवायचे हे माझं काम. कुणी काय दाबलं, कोण नियमित आहे, कोण महिनाभरात गळलं. अकरा वर्षं मी हेच करतोय आणि अकरा वर्षं माझे आकडे थोडे चुकतायत, कारण एकच माणूस ॲपवर एक, वेबसाइटवर दुसरा आणि टेबलाच्या यादीत तिसरा असा मोजला जातो. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कुणाचं काही अडत नव्हतं.

आता अडलंय. एका मोठ्या हॉस्पिटलला आमच्याशी करार करायचाय आणि त्यांना खरी माणसं किती ते हवंय. म्हणून मॅडमनी प्रश्न टाकला: आपल्याला कस्टमर डेटा प्लॅटफॉर्म घ्यायची गरज आहे का? म्हणजे तिन्हीकडच्या नोंदी गोळा करून, जुळवून, एका माणसाचं एकच पान करणारी यंत्रणा. तीन आठवड्यांत ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहून द्यायचं. सही माझी.

मी उठता उठता त्या म्हणाल्या की ‘हो’ आलं तर फोनचं टेबल बंद करता येईल, आठवणी सगळ्यांना आपोआप जातील. अगदी सहज म्हणाल्या. त्या टेबलावरच्या तिघींतली एक माझी ताई आहे हे त्या विसरल्या होत्या की आठवूनच बोलल्या, देव जाणे.

सहा वर्षांपूर्वी मीच तिला तिथे चिकटवलं. मेहुण्यांनी दुसरं घर केलं आणि ही दोन पिशव्या घेऊन माझ्या दोन खोल्यांत आली. चार महिने खिडकीत बसून होती. केस विंचरायची नाही, विचारलं तरच बोलायची. टेबलावर बसली आणि माणसात आली. आता बावन्न वर्षांची आहे. ही नोकरी गेली तर दुसरी मिळायची नाही, आणि ती खिडकी आहे तिथेच आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

खरं उत्तर ‘नाही’ आहे. मला कालच कळलं होतं, आज कागदावर मांडून पाहिलं. असा प्लॅटफॉर्म लागतो तो पंधरा ठिकाणांहून माहिती येणाऱ्यांना. आमच्या खिडक्या तीन. नोंदणीच्या वेळीच प्रत्येक माणसाला एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि तिन्ही खिडक्यांवर तोच वापरायचा. बस. आकडे मोजायचं आहे तेच सॉफ्टवेअर पुरतं. दोन महिन्यांचं काम, मी एकटा करीन. दाराची कडी लागत नाही म्हणून कुणी घर बदलत नाही.

जेवताना ताईला अर्धवट सांगितलं. तिचं लक्ष नव्हतं. आज म्हणे ‘पिवळं दार’ फोन उचलत नव्हतं, तीनदा केला तेव्हा कुठे थोरली आली आणि धाकटीची चौकशी करीपर्यंत फोन दुसऱ्याच कुणी ओढून घेतला. या बायकांची आपसातली भाषा काय असते मला कळत नाही. मी हं हं करत राहिलो. ती सांगायला लागली की थांबत नाही. दिवसभर फोनवर बोलून हिचा घसा कसा बसत नाही?

१० फेब्रुवारी, सोमवार

प्लॅटफॉर्म विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला. मी त्याला मनातल्या मनात ‘हसरा’ म्हणतो. त्याचे ओठ मिटलेले मी अजून पाहिले नाहीत. मी त्याला माझं ‘नाही’ नीट समजावून सांगितलं. तो मान डोलावत ऐकत होता. मग म्हणाला, सर, तुमचं बरोबर आहे, पण दोन आठवडे फुकट चालवून तर बघा, तुमच्याच नोंदींवर. मॅडम लगेच हो म्हणाल्या. मी कोण आड येणारा?

दुपारी फोनच्या टेबलापाशी बसून जुन्या नोंदी उतरवून घेतल्या. तिथे एक जुनाट मोबाइल आहे, ऑफिसचा. तो दिवसभर टेबलावर थरथरत असतो. थरथरला की तिघींपैकी एक तो उचलते, वाचते, वहीत बघते आणि समोरच्या फोनवरून कुणाला तरी नंबर लावते. तीन बायका, तीन वह्या, एक थरथरणारा डबा. म्हटलं, हा बंद तरी करा, डोकं उठलं. ताई हसली. तिच्याशेजारच्या काकू, टेबलावरच्या सगळ्यांत जुन्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या की तुमचं डोकं उठलं तर एक गोळी आहे, वेळेवर घ्या. तिसरी चष्मेवाली खो खो हसत सुटली. मी तिथून उठलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज बऱ्याच दिवसांनी हसलो.

प्लॅटफॉर्मनं नोंदी जुळवल्या. नियम सोपा: फोन नंबर एक तर माणूस एक. साडेचार हजार नोंदींची दोन हजार सातशे माणसं झाली. आणि त्यात एक बाई निघाली जिला तीनशे सतरा नावं आहेत! नंबर बघितला तर आमच्याच ऑफिसचा, त्या थरथरणाऱ्या डब्याचा.

मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्या फॉर्मवर एका नंबरला एकच माणूस चालतो, दुसरा घालायला गेलं की तो अडवतो. फक्त ऑफिसचा नंबर कितीही वेळा चालतो. ती पळवाट मीच ठेवली होती, चाचणीसाठी. आणि ताई नवीन होती तेव्हा पहिल्या आठवड्यात तिच्या शेजारी बसून मीच सांगितलं होतं की घाबरू नकोस, नाव काहीही टाक, नंबर ऑफिसचा टाक, सिस्टीम अडवत नाही. म्हणजे हा सगळा तेव्हाचा शिकाऊ कचरा. सहा वर्षं माझ्या आकड्यांत कुजत पडलाय.

नावं तर अशी की बस. गंमत म्हणून इथे उतरवतो: शिंप्याची बायको. पिवळं दार, थोरली. पिवळं दार, धाकटी. जिन्याखालची. पाववाल्याची आई. रखवालदाराची सासू. दोन मांजरांची. गच्चीवरची आजी. हळू बोलणारी. गॅरेजवाल्याची सून. बहिरे आजोबा.

समोर दिसेल त्याचं नाव टाकत बसली असणार बिचारी. दोन मांजरांची!

तरी खात्री करून घेतली. मी आंधळेपणानं काही काढत नाही. या तीनशे सतरांपैकी एकानंही सहा वर्षांत एकदासुद्धा ‘गोळी घेतली’ दाबलेलं नाही. जिवंत माणूस निदान चुकून तरी दाबतो. काढून टाकले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कचरा काढल्यावर आकडे असे उजळले की माझाच विश्वास बसेना. नियमित गोळी घेणारे एकसष्ट टक्क्यांवरून एकोणसत्तरवर. हसरा तर टाळ्या वाजवायचा बाकी राहिला. मॅडम म्हणाल्या, बघा, हे आधी का दिसत नव्हतं? मी म्हणालो की हे प्लॅटफॉर्ममुळे नाही, मी साफसफाई केली म्हणून. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

खरा घाव दुपारी बसला. कर्मचाऱ्यांचं बघणाऱ्या बाईंनी बोलावलं, दार लावलं, आणि फार मवाळ आवाजात विचारलं की टेबलावर तुमची बहीण आहे, तर हा निर्णय तुम्हाला जड जाणार नाही ना, दुसऱ्या कुणाला द्यायचा का. मला कानफटात बसल्यासारखं झालं. अकरा वर्षांत माझा एक आकडा कुणासाठी वाकडा झालेला नाही. आता मी ‘नाही’ लिहिलं तर सगळं ऑफिस म्हणणार की बहिणीसाठी लिहिलं.

माझ्या ‘नाही’ची किंमतच गेली. तेच कारण, तेच शब्द, पण आता ते मलाच खोटे वाटायला लागलेत. कुणास ठाऊक, पहिल्या दिवशीच मी तिच्यासाठी ‘नाही’ ठरवलं असेल आणि कारणं नंतर रचली असतील.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी चहा पिताना ताईनं सरळ विचारलं की काय लिहिणार आहेस. ऑफिसात कुजबुज सुरू आहे. मी म्हणालो, ताई, मला बोलता येत नाही. तिनं ते मानलं. ती असल्या गोष्टी पटकन मानते. शाळा सोडून कापडाच्या दुकानात उभी राहिली, माझी फी भरली, तेव्हापासून माझ्या कामात ती कधी बोललेली नाही. माझं काम म्हणजे तिला देवघर वाटतं.

कप विसळता विसळता पाठमोरीच म्हणाली, “आमचं टेबल राहो न राहो. तो फोन तेवढा बघ. त्याचं तुला सांगायला नकोच म्हणा, तूच तर शिकवलंस.”

“हो, माहितीये मला,” मी म्हणालो.

कुठला फोन, काय शिकवलं, खरं तर काही लक्षात आलं नाही. विचारलं असतं तर विषय वाढला असता आणि माझ्या तोंडून काहीतरी निघून गेलं असतं. घड्याळात बघितलं आणि बूट घातले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लिहून दिलं. ‘होय, गरज आहे.’ चार पानं, सुबक, एका ओळीला खाडाखोड नाही. फोनच्या टेबलाबद्दल एकच वाक्य: टेबलावरून दिवसाला चारशेच्या आसपास फोन जातात, त्यांच्या यादीत ग्राहक दीडशेच आहेत, उरलेल्या फोनचं कारण नोंदींवरून समजत नाही.

गप्पा, दुसरं काय. मी गप्पा हा शब्द लिहिला नाही. तेवढी माणुसकी ठेवली.

सगळे म्हणाले, निःपक्षपाती. कर्मचाऱ्यांच्या बाईंनी तर हात हातात घेतला. मी स्वच्छतागृहात जाऊन तो हात दोनदा धुतला. का ते सांगता येणार नाही.

ताईला मी सांगितलं नाही. तिला शुक्रवारी पत्र मिळेल.

३ मार्च, सोमवार

टेबल बंद. वह्या जमा करून घेतल्या आणि कापायच्या मशीनमध्ये घातल्या. रुग्णांची माहिती घरी जाता कामा नये असा नियम आहे, दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलेला. काकू वही सोडत नव्हत्या. दोन्ही हातांनी छातीशी धरून उभ्या होत्या, शेवटी चष्मेवालीनंच त्यांची बोटं सोडवली. जुना मोबाइल कोरा करून मी माझ्या ड्रॉवरमध्ये टाकला. कचऱ्याच्या नोंदी जुन्या सिस्टीममधूनही पुसल्या. नवीन यंत्रणा दुपारी बारा वाजता सुरू झाली, कुठेही अडली नाही.

ताई रडली नाही, भांडली नाही. पिशवीत तिचा कप आणि उशी भरली. दारापाशी मला विचारलं, “सगळ्यांना जातील ना फोन?”

“सगळ्यांना. आपोआप.”

“सगळ्यांना?”

मी म्हणालो, हो ताई, सगळ्यांना. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघितलं. मला वाटलं नोकरी गेल्याचा राग असेल. एवढा हक्क तिला आहे.

११ मार्च, मंगळवार

घरात दोघं आहोत आणि आवाज भांड्यांचाच. मी विचारतो तेवढ्याचं उत्तर येतं. मीठ दे. लाइट घालव. बास.

मला खिडकीची भीती होती, पण ती खिडकीत बसत नाही. सकाळी मी दाढी करत असतो तेव्हापासून तिचा स्वतःचा मोबाइल कानाला असतो. गॅलरीत उभी राहून हळू आवाजात बोलते, ठेवते, परत लावते. मैत्रिणी असतील. बरं आहे म्हणा, मन रमतंय. पण जरा चीडही येते. इथे माझ्याशी दोन शब्द नाहीत आणि तिकडे धबधबा. दिवसा कुठेतरी जाते. संध्याकाळी पाय सुजलेले असतात, कोमट पाण्यात घालून बसते. नोकरी शोधत असणार. या वयात दारोदार! मी म्हणालो, ताई, घाई करू नकोस, मी आहे. त्यावर ती हसली, पण ते हसणं मला आवडलं नाही.

ऑफिसात आकडा बहात्तर टक्क्यांवर गेलाय. मला जेवण जात नाही.

१९ मार्च, बुधवार

लिहवत नाही. तरी लिहितो.

अकरा वाजता खालून निरोप आला की एक माणूस फोनवाल्या बाईंना भेटायचं म्हणतोय. टेबल राहिलेलं नाही म्हणून मला बोलावलं. पन्नाशीचा, गळ्यात मोजायची टेप, काढायची विसरलेली. हातात कागदाची पुडी. मी त्याला खुर्ची दिली, त्याचा नंबर विचारून नोंद काढली. रक्तदाबाची गोळी, रोज एक, रोज आठवण गेलेली, रोज ‘घेतली’ दाबलेलं. शंभर टक्के. म्हणालो, तुमचे संदेश नीट येतायत.

तो म्हणाला, “माझे येतात हो. हिचे बंद झाले.”

मला अजूनही कळलं नाही. इतका मठ्ठ माणूस मी जन्मात पाहिला नसेल. मी विचारलं, त्यांचा नंबर काय? तो म्हणाला, तिला कुठला नंबर, घरात फोन एकच, तो माझ्याबरोबर दुकानात असतो. तुमच्या इथून बाई पलीकडच्या घरात फोन करायच्या, ती माणसं हिला हाक मारायची. पाच वर्षं. हिला फिट यायच्या. फिट येऊन गेली की तिचा तो दिवसच पुसला जायचा, मग गोळी घेतली की नाही ते कुठून आठवणार. फोनवर बाई तिला गोळी तोंडात टाकायला लावायच्या आणि पाणी प्यालेलं ऐकायच्या, मग ठेवायच्या.

या महिन्यात फोन आले नाहीत. त्याला वाटलं येत असतील, तो दुकानात असतो. चौदा तारखेला ती बाथरूममध्ये पडली. डोक्याला लागलं. दोन दिवस होती.

तो भांडायला आलेला नव्हता. पुडी उघडून त्यानं माझ्यापुढे ठेवली. उरलेल्या गोळ्या होत्या, नीट पाकिटात. कुणाला उपयोगी पडतील म्हणाला. आणि त्या बाईंना निरोप द्यायचा होता की आता फोन करू नका. “पण फोन यायचाच थांबलाय,” तो म्हणाला, “म्हणून म्हटलं आपणच जाऊन यावं.”

शिंप्याची बायको.

तो गेल्यावर मी या वहीतलं तेरा फेब्रुवारीचं पान काढलं. तिथे मी हसलोय.

२० मार्च, गुरुवार

सगळे दरवाजे ठोठावून झाले.

जुन्या सिस्टीममध्ये पुसलेल्या नोंदींची प्रत चौदा दिवस राहते. सतरा तारखेला गेली. तीन दिवसांपूर्वी. मोबाइल कोरा, मीच केला. वह्यांचा भुसा कचरागाडीतून जाऊन पंधरवडा झाला. टेबलावरून कुठे कुठे फोन गेले ते टेलिफोन कंपनीकडे असेल, पण त्याला अर्ज लागतो, कंपनीच्या सहीनं, आणि उत्तराला महिना.

मॅडमकडे गेलो. त्यांना मुद्दा समजायला अर्धं मिनिट लागलं, मग त्यांनी चष्मा काढून डोळे दाबून धरले. वाईट बाई नाहीत त्या. वकिलाला फोन लावला. तो म्हणाला, काहीही लेखी मागू नका, लेखी देऊ नका. करारावर सह्या झाल्यात. मॅडम मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, “चूक तुमच्या एकट्याची नाही. पण कागदावर ती तुमच्या एकट्याचीच दिसेल.”

मी म्हणालो, दिसू दे. त्या म्हणाल्या की घरी जाऊन शांतपणे विचार करा.

तीनशे सतरा माणसं. बहुतेक बायका. त्यांना स्वतःचा फोन नव्हता म्हणून माझ्या फॉर्मनं त्यांना घेतलं नाही, म्हणून त्या तिघींनी त्यांना आपला नंबर दिला. आठवण ऑफिसच्या डब्यावर यायची आणि या एकेकीला शेजाऱ्याकडे, दुकानात, जिन्याखाली फोन लावून शोधायच्या. बटण कोण दाबणार? त्यांच्याकडे बटणच नव्हतं.

प्रश्न काय होता, तर प्लॅटफॉर्मची गरज आहे का. त्या टेबलाकडे एकदा खुर्ची ओढून बसलो असतो आणि हे काय करता म्हणून विचारलं असतं, तर उत्तर दहा मिनिटांत मिळालं असतं.

दहा फेब्रुवारीला मी तिथेच बसलो होतो. फोन बंद करा म्हणालो होतो.

२३ मार्च, रविवार

तीन दिवस ताईसमोर बसायचा धीर झाला नाही. आज सकाळी गॅलरीत तिचा फोन सुरू होता. मी दारात उभा राहून पहिल्यांदा नीट ऐकलं. ती म्हणत होती, “टाकलीस तोंडात? आता पाणी पी. मी ऐकतेय.”

फोन ठेवल्यावर तिनं मला बघितलं. मी ही वही तिच्या हातात दिली, तेरा फेब्रुवारीचं पान उघडून. तिसऱ्या ओळीला कंटाळली नाही. सगळं वाचलं, पुढचंही, अगदी परवापर्यंतचं. शिंप्याच्या बायकोशी आली तेव्हा वही मांडीवर ठेवली आणि कठडा घट्ट धरला. “ती काकूंच्या वहीत होती,” म्हणाली. “मला तिचा पलीकडचा नंबर माहीत नव्हता, घरही माहीत नव्हतं.”

तिच्या वहीतले तिला जेवढे पाठ होते त्यांना ती पहिल्या दिवसापासून फोन करत होती. ज्यांचे नंबर आठवत नव्हते पण घरं माहीत होती त्यांच्याकडे चालत जात होती. नोकरी शोधत नव्हती ती. मी कोमट पाणी आणून द्यायचो, मोठा उपकार केल्यासारखं.

मी विचारलं की मला का नाही सांगितलंस. ओरडलो असेन. घसा माझाच होता, आवाज भलताच.

“मला वाटलं, तुला माहीत आहे,” ती म्हणाली. “तूच म्हणालास ना, माहितीये म्हणून. मग सगळ्यांना फोन जातील म्हणालास. दुसऱ्या दिवशी पिवळ्या दारात कळलं, गेले नाहीत. तेव्हा मी समजले, तुम्ही लोक सगळे म्हणता तेव्हा यांना त्यात धरतच नाही.”

रागानं नाही बोलली. समजून घेतल्यासारखं बोलली, आणि तेच सहन होत नाही. वीस दिवस ती या घरात माझ्याशेजारी जेवत होती आणि मनात धरून होती की तिच्या भावानं माहीत असून त्या बायकांना सोडलं. तरी माझा डबा भरत होती.

मी तिच्या पायाशी बसून रडलो. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा. तिनं डोक्यावर हात ठेवला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, ऊठ, सव्वानऊ झाले, गच्चीवरच्या आजीची वेळ आहे.

३० मार्च, रविवार

राजीनामा दिला. मॅडमनी ठेवून घेतला. हॉस्पिटलला मी स्वतःच्या सहीनं सगळं कळवलंय. उत्तर नाही.

या वहीची उरलेली पानं आता ताईची. ती सांगते, मी लिहितो: कोण, कुठल्या दारी, कुणाच्या फोनवर, कुठली गोळी, किती वाजता. आठवडाभरात तिच्या आठवणीतून शहाण्णव निघाली. चष्मेवालीला दुसरीकडे काम मिळालंय, ती संध्याकाळी येऊन बसते, तिची एकतीस. काकू लेकीकडे गेल्यात. फोनवर सारख्या म्हणतात की वही समोर असली की नंबर आपोआप जिभेवर यायचा हो, आता नाही येत. त्यांची सोळा झाली आणि मग त्या रडायलाच लागल्या, म्हणून ताईनं थांबवलं. एकशे त्रेचाळीस.

शिंप्याच्या बायकोला धरून एकशे त्रेचाळीस. मी तिचं नाव घालू की नको म्हणून पेन वर धरलं होतं. ताई म्हणाली, घाल.

यातल्या शंभरएक जणींना रोज फोन करावा लागतो. ताईनं अर्ध्या मला दिल्या. सकाळी पहिला नंबर लावला, वाण्याचं दुकान. त्यानं हाक मारली, चपलांचा आवाज आला, मग एक बाई धापा टाकत म्हणाली, कोण?

अकरा वर्षं मी आकड्यांचा प्रमुख होतो. शेवटी म्हणालो, फोनवाल्या बाईंचा भाऊ.

“बरं,” ती म्हणाली. “थांबा, पाणी घेते.”

मी ऐकलं. घोट, मग श्वास, मग फोन वाण्याच्या हातात गेला. खूण केली आणि पुढचा लावला. दुपारपर्यंत सगळे झाले. एका ठिकाणी कुणी उचलला नाही, तिथे ताई चालत गेली.

ती परत येईपर्यंत मी पुढची पानं आखून ठेवली. एकशे चव्वेचाळीसपासून तीनशे सतरापर्यंत आकडे घातले, एकेका ओळीला एक. कुणाला काही आठवलं तर लिहायला जागा असावी. आल्यावर ताईनं ती पानं चाळली, एकेक करून, शेवटपर्यंत. मग चपला काढून पाण्यात पाय घातले. त्या ओळींवर अजून काही लिहिलेलं नाही.